हौशी सायकलस्वाराचा वेग

झाशीहून कानपूरकडे निघालेला रस्ता ईशान्येला जातो. डाव्या हाताला पहूज आणि उजव्या हाताला बेतवा अशा दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यातून तो धावतो. वाटेत कवी मैथिलीशरण गुप्त यांचे चिरगाव लागते, आणि झाशीपासून पन्नासएक किलोमीटर झाले की मोठ हे तहसिलीचे गाव येते. हिंदीत मोठ म्हणजे आपली मटकी. मराठी माणसाचे मन मात्र हे नाव ऐकताच विहिरीवरच्या मोटेकडे जाते. नावाची ही गंमत सोडली तरी मराठी इतिहासाशी या गावाचा संबंध आहेच. अठराव्या शतकात राजेंद्रगिरी गोसाव्याने येथे किल्ला बांधला आणि भोवतालच्या गावांवर अंमल बसवला. तो डोईजड होतो आहे असे दिसताच झाशीचे मराठी सुभेदार नारोशंकर यांनी त्याला येथून हुसकावले. नाशिकच्या गोदाकाठी ज्यांच्या नावाची घंटा प्रसिद्ध आहे तेच हे नारोशंकर. मोठच्या पश्चिमेला भांडेर आहे. एप्रिल १८५८ च्या आरंभी झाशी पडली तेव्हा राणी लक्ष्मीबाई याच भांडेरवरून काल्पीला गेल्या, आणि शंभर मैलांच्या आसपासची ती दौड त्यांनी एका अहोरात्रात पुरी केली असे सांगतात.

घोड्यांचा काळ गेला. आज या रस्त्यावर मालमोटारी धावतात, आणि भल्या पहाटे त्यांच्या कडेने एखादा हौशी सायकलस्वारही दिसतो. झाशीहून मोठ आणि मोठहून परत झाशी हे अंतर जवळजवळ शंभर किलोमीटर भरते. चढउतार नगण्य, वळणे थोडी, वारा मात्र मोकळा. सायकलीचा वेग कशाने वाढतो आणि कशाने वाढत नाही, हे समजून घ्यायला यापेक्षा सरळ रस्ता क्वचितच सापडेल.

हा हौशी सायकलस्वार म्हणजे कोण, हे आधी पाहिले पाहिजे. तो रेल्वेत असतो, बँकेत असतो, शाळेत शिकवतो किंवा दुकान चालवतो. वय तिशीच्या पुढे गेलेले असते. हौसेने तो गिअरची सायकल घेतो आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होते. ताशी अठरा किलोमीटरांवरून तो बावीसवर येतो, बावीसवरून पंचवीसवर. त्यानंतर मात्र गाडे अडते. तो रोज घाम गाळतो, रोज तोच रस्ता तुडवतो, आणि घड्याळ रोज तोच आकडा दाखवते. मग त्याच्या मनात दोन विचार येतात. पहिला असा की आपण पुरेसा जोर लावत नाही. दुसरा असा की आपली सायकल जड आहे. पहिल्या विचाराने तो स्वतःला दमवतो आणि दुसऱ्या विचाराने खिशाला. दोन वर्षांनी ती सायकल गॅलरीत उभी राहते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. या माणसाजवळ आठवड्याला सहा-सात तासांपलीकडे वेळ नसतो आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरची वर्षे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून ते तास कसे खर्च करावेत, हा प्रश्न त्याच्यापुरता क्षुल्लक नाही.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची झुंज मुख्यतः हवेशी असते. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा वाटा वेगळा. तो वेगाच्या प्रमाणातच वाढतो. सर्वसाधारण बांध्याच्या माणसाचा हिशेब मांडला तर ताशी २५ किलोमीटर वेगासाठी त्याला साधारण ११० वॅट लागतात आणि ३० किलोमीटरसाठी सुमारे १७०. म्हणजे वेग एक पंचमांशाने वाढवायचा तर शक्ती दीडपटीहून अधिक हवी. पंचवीसवर अडलेला माणूस आळशी नसतो. पुढची पायरीच उंच असते. मोठपर्यंतच्या पन्नास किलोमीटरांत या वाढीने वाचतात ती वीस मिनिटे, पण त्या वीस मिनिटांसाठी शरीराचे इंजिन दीडपट मोठे करावे लागते.

इंजिन मोठे करण्यापूर्वी एक काम मात्र बिनखर्चाचे आहे. छाती पुढे काढून, कोपर ताठ ठेवून बसलेला स्वार हवेत भिंतीसारखा उभा असतो. त्याने कोपर वाकवून आत घेतले, खांदे अरुंद केले आणि पाठ थोडी झुकवली, तर तेवढ्याच श्रमात ताशी एक-दीड किलोमीटर सहज पदरात पडतो. झुकण्याची ही सवय एका दिवसात होत नाही. मान आणि कंबर तक्रार करतात. रोज दहा-दहा मिनिटांनी ती वाढवावी. फडफडणारा सैल सदरा हा देखील वाऱ्याचाच मित्र समजावा.

वाऱ्याचा दुसरा धडा मोठच्या रस्त्यावर उन्हाळ्यात शिकायला मिळतो. बुंदेलखंडात चैत्र-वैशाखात पश्चिमेकडून वारा वाहतो. झाशीहून निघालेल्या स्वाराच्या पाठीशी तो कलता लागतो; सायकल हलकी वाटते, आकडे सुंदर दिसतात आणि मोठच्या चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत माणूस स्वतःवर खूश झालेला असतो. परतीच्या वाटेवर तोच वारा तोंडावर येतो. समजा, वारा ताशी दहा किलोमीटरचा आणि सरळ आहे, आणि शांत हवेत पंचवीस किलोमीटर देणारा जोर स्वार जाता-येता सारखाच लावतो आहे. जाताना त्याला साधारण एकतीसचा वेग मिळेल, येताना विसाच्या आसपास. जाण्यात वाचलेली मिनिटे येण्यात वसूल होतील असे वाटते, पण तसे होत नाही. शांत हवेत चार तास लागले असते तेथे आठ-दहा मिनिटे अधिक लागतात, कारण स्वार मंद वेगात जास्त वेळ अडकून पडतो. म्हणून केवळ वेगाच्या आकड्यावरून सराव जोखणारा माणूस फसतो. मोजायचा तो श्रम. वारा समोरून असताना जोर किंचित वाढवावा आणि पाठीशी असताना किंचित उतरवावा. त्यात एकूण वेळ वाचतो. आणि शक्य असेल तेव्हा सरावाचा आरंभ वाऱ्याच्या तोंडाकडे करावा, म्हणजे दमलेल्या शरीराला घरी आणून सोडण्याचे काम वारा करील.

आता वजनाची गोष्ट. हौशी मंडळींत सायकलीच्या वजनाइतकी चर्चा दुसऱ्या कशाचीही होत नाही. सह्याद्रीच्या माणसाला ती शोभते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आडवा येतो, आणि घाट जिंकणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मान मिळतो. तेथे गुरुत्वाकर्षण प्रत्येक किलोचा हिशेब मागते. परंतु तो हिशेब तरी केवढा? खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची चढण उंचीने सुमारे पाचशे मीटर धरली, तर मध्यम ताकदीच्या स्वाराला एक किलो वजन कमी केल्याने अर्ध्या मिनिटाच्या आसपास फायदा होतो. शर्यतीत अर्धे मिनिट पुष्कळ. पण मोठसारख्या सपाट रस्त्यावर तोच एक किलो जवळजवळ अदृश्य होतो. तेथे एका किलोसाठी हजारो रुपये मोजणारा माणूस दुकानदाराचा वेग वाढवतो, स्वतःचा नव्हे. तेवढ्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत चांगले, लवचीक टायर येतात. हवेचा दाब दर आठवड्याला पाहावा, चेन पुसून तेल द्यावे, ब्रेकचे रबर रिमला घासत नाही ना हे बघावे. सीटची उंचीही बहुतेकांची चुकलेली असते. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. खाली बसवलेली सीट वेगही खाते आणि गुडघेही. जड गिअर टाकून मिनिटाला पन्नास-साठ फेरे मारण्याची सवय असेल तर गिअर हलका करून ते ऐंशी-नव्वदपर्यंत आणावेत. पहिले दोन आठवडे हे पायांना वेड लावल्यासारखे वाटते. पुढे तेच सोयीचे होते आणि गुडघे दुवा देतात.

येथवरची कामे एका रविवारात उरकण्यासारखी आहेत. खरा प्रश्न इंजिनाचा, आणि तेथेच बहुतेकांचे चुकते. हौशी सायकलस्वार रोज मध्यम जोर लावतो. हळू चालवायची त्याला लाज वाटते, कारण वेग वाढवायचा तर हळू कशाला, असा साधा तर्क तो करतो. आणि खऱ्या अर्थाने जोरात चालवायची त्याच्यात ताकद नसते, कारण कालच्या मध्यम जोराने पाय अजून भरलेले असतात. अशा रीतीने वर्षभर तो एकाच मधल्या पट्टीत गात राहतो. खर्जही लागत नाही आणि तारसप्तकही लागत नाही.

हा मधला जोर ओळखायचा कसा? त्यासाठी यंत्र असले तर चांगलेच. आता हँडलवर बसवायची छोटी यंत्रे नाडीचे ठोके दाखवतात आणि पॉवर मीटर नावाचे उपकरण पेडलवरची शक्ती वॅटमध्ये मोजते. पण ज्याच्याजवळ यातले काही नाही त्याच्यासाठी श्वासाची कसोटी पुरेशी आहे. सायकल चालवताना पाठ असलेला एखादा श्लोक मोठ्याने म्हणून पाहावा. चारही चरण सलग, न अडखळता म्हणता आले तर तो हलका जोर. प्रत्येक चरणाला थांबून श्वास घ्यावा लागला तर तो मधला. दोन-तीन शब्दांपलीकडे मजलच जात नसेल तर तो कठोर. या कसोटीवर स्वतःला तपासणाऱ्या बहुतेकांना असे आढळते की ज्याला ते हलके समजत होते ते मुळीच हलके नव्हते. वयाचा आकडा २२० मधून वजा करून नाडीची कमाल मर्यादा ठरवण्याचा प्रघात आहे. तो लोकसमुदायाच्या सरासरीला ठीक, पण एकट्यादुकट्याच्या बाबतीत दहा-पंधरा ठोक्यांनीही चुकू शकतो. श्लोक फसवत नाही.

हलक्या जोराने दीर्घकाळ केलेल्या श्रमाचे महत्त्व खेळाच्या जगाला सहजासहजी पटले नाही. न्यूझीलंडमध्ये पादत्राणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्थर लिडियार्ड यांनी स्वतःवर प्रयोग करून धावपटूंसाठी एक पद्धत बसवली. आठशे मीटर धावणाऱ्याला देखील ते महिनोन्‌महिने आठवड्याला शंभर मैलांच्या घरात धावायला लावीत, आणि ते धावणे श्वास न कोंडणारे असे. लोकांनी हसावे अशीच ही गोष्ट होती. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी आठशे मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी पाच हजार मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले, तेव्हा हसणे थांबले. पुढे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने नावाडी, बर्फावरचे धावपटू, सायकलपटू अशा निरनिराळ्या उत्तम खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांत एक समान गोष्ट निघाली: पाचांपैकी साधारण चार बैठका हलक्या, एक कठोर, आणि मधल्या जोराला फारच थोडी जागा.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. हलक्या दीर्घ श्रमाने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींच्या आतल्या ज्या कणांत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जळते त्यांची संख्या वाढते. चरबी जाळण्याची सवय लागल्याने स्नायूंत साठवलेली साखर राखून ठेवली जाते. जोराच्या श्रमात हा साठा दीड-दोन तासांतच आटतो आणि मग पाय एकाएकी शिशाचे होतात, हा अनुभव मोठहून परतणाऱ्या पुष्कळांना चिरगावच्या आसपास येत असेल. मधल्या जोरानेही हे फायदे होतात, पण थकवा इतका येतो की दुसऱ्या दिवशीचे काम बिघडते. हलका श्रम आज करून उद्या पुन्हा करता येतो. व्याज लहान असले तरी ते रोज मिळते.

मात्र नुसत्या हलक्या चालवण्याने वेग वाढत नाही, हेही तितकेच खरे. आठवड्यातून एक, फार तर दोन दिवस कठोर श्रम हवेतच. ते कसे असावेत याविषयी १९३० च्या दशकातील जर्मनीपासून प्रयोग चालू आहेत. वोल्डेमार गेर्शलर या शिक्षकाने जोराचे छोटे तुकडे आणि मध्ये विश्रांती अशी पद्धत वापरली आणि त्याचा शिष्य रूडोल्फ हार्बिग याने १९३९ साली आठशे मीटरचा विक्रम एक मिनिट ४६.६ सेकंदांवर आणला. सायकलस्वारांना अधिक जवळचा पुरावा २०१३ सालचा आहे. सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतील हौशी सायकलस्वारांनाच हाताशी धरले. एका गटाने चार-चार मिनिटांचे चार तुकडे केले, दुसऱ्याने आठ-आठ मिनिटांचे चार, तिसऱ्याने सोळा-सोळा मिनिटांचे चार. प्रत्येकाला सूचना एकच होती: सर्व तुकडे सारख्या जोराने पुरे करता येतील एवढा अधिकात अधिक जोर लावा. सात आठवड्यांनंतर आठ मिनिटांचा गट सर्वांत पुढे निघाला. चार मिनिटांच्या गटाने अधिक जोर लावला होता तरीही.

यातील सूचना लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या तुकड्यात जीव तोडून धावणारा आणि चौथ्यात कोसळणारा माणूस व्यायाम करत नाही, तमाशा करतो. पहिला तुकडा संपताना ‘अजून थोडे जमले असते’ असे वाटले पाहिजे; चौथा संपताना तसे वाटता कामा नये. आधी वीस मिनिटे हलके चालवून अंग तापवावे, मग आठ मिनिटे कठोर, दोन-तीन मिनिटे अगदी सैल, असे चार वेळा, आणि शेवटी पंधरा मिनिटे पुन्हा हलके. सारे मिळून दीड तासाच्या आत आटोपते. मोठहून समथरकडे जाणाऱ्या किंवा तशाच एखाद्या आतल्या रस्त्यावर हे करणे हमरस्त्यापेक्षा बरे, कारण कठोर श्रमात माणसाचे लक्ष स्वतःच्या श्वासाकडे असते, मागच्या भोंग्याकडे नसते.

नोकरी सांभाळणाऱ्या माणसाचा आठवडा मग असा बसतो. मंगळवारी हे आठ-आठ मिनिटांचे तुकडे. गुरुवारी तासभर अगदी हलके, इतके की शेजारून दूध नेणारा साध्या सायकलीवरचा गवळी पुढे गेला तरी राग येऊ नये. शनिवारी तासाभराची फेरी. तीत जमल्यास दोन वेळा दहा-दहा मिनिटे थोडा जोर. रविवारी लांबची मजल, तीन तास किंवा अधिक, संपूर्ण श्लोक म्हणता येईल अशा वेगाने. उरलेले दिवस सायकलीला आणि पायांना विश्रांती. तीन आठवडे ही मात्रा हळूहळू वाढवावी आणि चौथ्या आठवड्यात ती अर्ध्यावर आणावी. विश्रांतीचा हा चौथा आठवडा हौशी लोकांना सर्वांत कठीण जातो. शरीर श्रमाने खचते आणि विश्रांतीत वाढते, हे ऐकून सारे मान डोलावतात, पाळणारे थोडे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजण्याची सवय ठेवावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोके वर असेल, झोप तुटक लागत असेल आणि घरच्यांवर विनाकारण चिडचिड होत असेल, तर त्या दिवशी सायकलीला हात लावू नये. आणि चाळिशी ओलांडलेल्याने, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याने, किंवा श्रम करताना ज्याच्या छातीत कधी दडपल्यासारखे झाले आहे अशाने कठोर तुकड्यांना हात घालण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घेतलेच पाहिजे. येथे संकोचाला जागा नाही.

रविवारच्या लांब मजलेत वेगाचा आणखी एक अर्थ उलगडतो. २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीआधी पुरी केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, वेळ आठ दिवस आणि पंधरा तासांच्या आसपास. भागाकार केला तर सरासरी ताशी तेवीस किलोमीटर येते. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत संपवली. असे करणारे ते पहिले भारतीय. झोपेसह त्यांची सरासरी सतराच्या घरात जाते. ओम महाजन या नाशिकच्याच तरुणाने २०२० साली श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर साडेआठ दिवसांच्या आत तोडले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली १५९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. हे आकडे पाहून पंचवीसच्या वेगावर नाराज असलेल्या माणसाने थोडे थांबावे. यांचा वेग रस्त्यावरच्या एखाद्या किलोमीटरात दिसत नाही. तो न थांबण्यात आहे, खाणे-पिणे चालत्या सायकलीवर उरकण्यात आहे, पाचव्या तासालाही पहिल्या तासाइतकेच चालवण्यात आहे. ताशी पंचवीसने शंभर किलोमीटर करणारा स्वार वाटेत चहासाठी दोनदा पाव-पाव तास थांबला तर त्याची सरासरी बावीसवर येते. तो चहा सोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण तेवढ्याच तीन किलोमीटरांसाठी तोच माणूस नवी सायकल घ्यायला निघालेला असतो, हे लक्षात ठेवावे.

ज्यांना शर्यतीपेक्षा मजलेची ओढ आहे त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाचा फ्रेंच वळणाचा प्रकार महाराष्ट्रातील शहरांत चांगला रुजला आहे. त्यात क्रमांक नसतात, मुदत असते: दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेसाठी वीस, चारशेसाठी सत्तावीस, सहाशेसाठी चाळीस. दोनशेची मुदत ताशी पंधराला जेमतेम भिडते, म्हणजे मोठच्या दोन खेपा. सहा महिने हलका सराव केलेल्या कोणत्याही निरोगी माणसाच्या ती आवाक्यात आहे.

लांब मजलेत खाण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तासभराच्या फेरीला पाणी पुरते. त्यापुढे दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय किंवा शर्करायुक्त पदार्थ पोटात जावे लागतात. दोन केळ्यांत पन्नासएक ग्रॅम मिळतात. गूळ, खजूर, चिक्की ही आपली जुनी शिदोरीही उत्तम. भूक लागण्याची वाट पाहू नये. भूक लागली तेव्हा उशीर झालेला असतो. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो आणि लू वाहू लागते, तेव्हा तर दिवस उजाडण्यापूर्वी निघून आठच्या आत घरी यावे हेच बरे. दर तासाला अर्ध्या लिटरपेक्षा अधिक पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर. उष्ण हवेत त्याच जोराला नाडी अधिक धावते, कारण रक्ताला स्नायूंकडे आणि त्वचेकडे अशा दोन ठिकाणी जावे लागते. उन्हाळ्यात वेग उतरला म्हणून सराव वाया गेला असे समजू नये. पौष-माघात याच पट्ट्यावर दाट धुके उतरते. तेव्हा समोरचा वाहनचालक सायकल पाहू शकत नाही. धुके विरेपर्यंत घरीच थांबावे.

हमरस्त्याविषयी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. दुसऱ्या सायकलीच्या मागे चाकाला चाक लावून चालवले तर पुढचा स्वार हवा फोडतो आणि मागच्याचा श्रम पाव ते एक तृतीयांश कमी होतो. ही कला चार विश्वासू सोबत्यांबरोबर शिकावी, आळीपाळीने पुढे यावे. पण तोच लाभ मालमोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे लागून घेऊ पाहणारे तरुण दिसतात. पुढच्या चालकाने अचानक ब्रेक लावला तर त्यांना एक श्वास घेण्याइतकाही अवकाश मिळत नाही. शिरस्त्राण, मागचा लाल दिवा आणि रस्त्याची कड या तीन गोष्टींशिवाय मोठचा रस्ता धरूच नये. सोबत्यांचाही एक धोका आहे, तो निराळा. रविवारी हलके चालवायचे ठरवून निघालेला गट पाचव्या किलोमीटरला कोणीतरी पुढे सटकताच शर्यत होऊन बसतो. ज्याला त्या दिवशी हलके चालवायचे आहे त्याने मागे राहण्याचे धैर्य दाखवावे, किंवा एकट्याने निघावे.

प्रगती मोजण्यासाठी दर सहा-आठ आठवड्यांनी एकदा परीक्षा घ्यावी, त्याहून वारंवार नको. रस्ता तोच, वेळ तीच, सायकल आणि टायरमधील हवा तीच. वारा पडलेली पहाट निवडावी. झाशीच्या स्वाराने चिरगाव सोडल्यावर एखाद्या किलोमीटरच्या दगडापासून घड्याळ लावावे, वीस मिनिटे झेपेल तेवढ्या सारख्या जोराने मोठच्या दिशेने जावे आणि कोणत्या दगडाजवळ वेळ संपली ते पाहावे. मग पाच मिनिटे दम खाऊन त्याच अंतरावर उलट दिशेने यावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी, म्हणजे उरलासुरला वाराही हिशेबातून जातो. वहीत तारीख, अंतर, सकाळची नाडी आणि आदल्या रात्रीची झोप एवढे चार आकडे टिपावेत. पहिल्या परीक्षेत आठ किलोमीटर तीनशे मीटर भरले आणि तिसऱ्या परीक्षेत आठ किलोमीटर आठशे, तर ती पाचशे मीटरची वाढ खरी समजावी; हवेच्या घनाचा हिशेब पाहता त्यासाठी शरीराने जवळजवळ सहावा हिस्सा अधिक शक्ती कमावलेली असते. आकडा हलला नाही तर आधी मागच्या दोन महिन्यांतल्या हलक्या दिवसांची पाने उलटून पाहावीत, आणि ते दिवस खरोखरच हलके होते का, हे तपासावे.